मुलीच्या नावात आजीचं नाव घालायचंय, कुठे लिहावं?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. पाच महिन्यांपूर्वी ठाण्यात नौपाड्यातल्या एका खासगी रुग्णालयात मुलगी झाली. जन्माची नोंद झाली आहे, दाखल्यावर नाव अजून नाही. ‘रेवा’ ठरलंय. मधलं नाव माझ्या दिवंगत सासूबाईंचं, म्हणजे ‘यमुना’ ठेवायचं आमच्या दोघांच्या मनात आहे. दीर म्हणतात, मधलं नाव वडिलांचंच लागतं, नाहीतर शाळेत आणि पासपोर्टला अडेल. खरं काय?

उत्तर : मधलं नाव वडिलांचंच असावं, असं सांगणारा कायदा नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 मध्ये नाव कसं बांधावं याबद्दल अवाक्षर नाही. ती आपल्याकडची रीत आहे. नावावरचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम 19(1)(अ) खालच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जिग्या यादव विरुद्ध सीबीएसई (2021) या निकालात सांगितलं आहे, अर्थात वाजवी निर्बंधांसह. तेव्हा ‘यमुना’ ठेवायला कुणी हरकत घेऊ शकत नाही.

पण दिरांची काळजी अगदीच पोकळ नाही. अडतं ते रकान्यांमध्ये. राज्य शासनाच्या मार्च 2024 च्या निर्णयानुसार 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांचं नाव शासकीय कागदपत्रांवर बालकाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं असतं. ‘रेवा यमुना’ आणि पुढे थेट आडनाव असं लिहिलंत, तर पुढचा प्रत्येक कारकून यमुना हे आईचं नाव समजेल. दाखल्यावरच्या आईच्या रकान्यात मात्र तुमचं नाव असेल. तफावत तिथेच जन्माला येते, आणि ती निस्तरायला प्रतिज्ञापत्रांचा ढीग लागतो.

म्हणून माझा सल्ला असा, की यमुना हे नाव मुलीच्या स्वतःच्या नावातला दुसरा शब्द म्हणून घ्या. आईवडिलांच्या नावांना हात लावू नका. आई स्नेहा आणि वडील अमोल असं धरलं, तर पूर्ण नाव ‘रेवा यमुना स्नेहा अमोल’ आणि आडनाव. जिथे नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन चौकोन असतील तिथे पहिल्यात ‘रेवा यमुना’ हे दोन्ही शब्द, दरवेळी, न चुकता. कागदाच्या दृष्टीने जोडनाव याहून सुरक्षित, कारण ते कुणाला तोडता येत नाही. ‘यमुनारेवा’ कानाला कसं वाटतं ते मात्र तुम्हीच ठरवा.

नाव फार लांबेल का? पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीत नावासाठी 39 जागा असतात. वरचे चार शब्द रोमन लिपीत मधल्या मोकळ्या जागा धरून 22 घेतात, आडनाव आणि नाव वेगळं करणाऱ्या दोन खुणा 2. आडनावाला 15 उरतात, बहुतेकांना पुरतात. पासपोर्टच्या अर्जात मधल्या नावाचा वेगळा रकाना नसतोच. आडनाव सोडून बाकी सगळं एकाच रकान्यात जातं. तेव्हा दिरांची ती भीती सोडा.

आता नोंद. तुम्ही नवी मुंबईत राहत असलात तरी जन्म ठाण्यात झाला आहे, त्यामुळे अर्ज ठाणे महापालिकेच्या निबंधकाकडेच करायचा. बेलापूर किंवा ऐरोलीच्या कार्यालयात खेटे घालू नका. रुग्णालयाने माहिती कोणत्या कार्यालयात पाठवली ते विचारून नोंदणी क्रमांक आणि तारीख आधी हाती घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 14 नुसार नाव नंतर भरता येतं : नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे तुम्ही निवांत मुदतीत आहात. दोघांच्या सहीचा अर्ज, नावाविना मिळालेला दाखला, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, दोघांची आधार कार्डं न्या. रुग्णालयाने तुमचं माहेरचं नाव कळवलं असेल आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही लागेल. हे आधी तपासा. मुलीच्या नावाइतकेच घोळ आईच्या नावात होतात.

अर्जात आडनावासकट पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘रेवा’ लिहून आलेल्या दाखल्यावरून आधारवरही नुसतं ‘रेवा’ येतं आणि पुढे आडनाव चिकटवण्यासाठी वेगळी यातायात होते. मराठी आणि रोमन, दोन्ही स्पेलिंगं स्वतःच्या हाताने लिहून द्या. यमुनाचा उकार एका ‘यू’ने की दोन ‘ओ’ने, हे खिडकीवर सोडू नका. छपाईआधी मसुदा दाखवा म्हणावं आणि अक्षर न् अक्षर वाचावं.

एवढा आग्रह का? एकदा भरलेलं नाव बदलणं फार कठीण आहे. त्याच अधिनियमाचं कलम 15 चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी आहे. मन बदललं ही चूक ठरत नाही, आणि निबंधक बहुधा हात वर करतो. राजपत्रात नावबदल छापून आणला तरी जन्मनोंद आपोआप बदलत नाही. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी अशा कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही, आणि अपार क्रमांकासाठी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) ते आधारशी जुळावं लागतं. आधी जन्मदाखला, त्यावरून आधार, मग शाळा. हा क्रम उलटा करू नका.

वारसाहक्काला या सगळ्याने काही बाधा येत नाही. वडिलांचं नाव दाखल्यावर स्वतंत्र रकान्यात असतंच, जातीच्या दाखल्यासाठीही नातं तिथूनच दाखवता येतं.

नाव भरून घ्यायला नकार मिळालाच तर तो लेखी मागा. 2023 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 25-अ नुसार निबंधकाच्या आदेशाविरुद्ध 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं, आणि त्यांनी ते 90 दिवसांत निकाली काढायचं असतं. तोंडी नकारावर अपील करायचं तर तो दिला होता हेच आधी सिद्ध करत बसावं लागेल, म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारखेचा शिक्का पहिल्याच दिवशी घ्या.