उजवा हात आधी, सूर नंतर

तुझं गिटार वाजवणं ऐकलं. डाव्या हाताची बोटं बरोबर पडतात, अडतोय तो उजवा हात. सलग दोन स्वरांना तू फटका खालच्याच दिशेने मारतोस, म्हणून वेग वाढला की धून तुटते.

नियम एकच. मात्रेवर पिक (तार छेडायची छोटी पट्टी) खाली, दोन मात्रांच्या मधल्या स्वरावर वर. एखादा स्वर पूर्ण मात्राभर लांबला तरी हात थांबवायचा नाही. वरचा फटका तारेला न लागता हवेतून जाऊ दे. मनगट असं अखंड झुलत राहिलं की दिशा चुकत नाही. तार बदलताना मात्र मन हमखास सोपा फटका शोधतं. तिथे नियम मोडू नकोस, ते दोनच स्वर पन्नास वेळा घोळव.

पिक एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड घे, पकड सैल ठेव. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव, एका मात्रेत दोन स्वर.

आणि अमेरिकन लोकसंगीतातले गिटारवादक डॉक वॉटसन ऐक, मनापासून सांगतो. १९५०च्या दशकात ते अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या ज्या बँडमध्ये होते, तो नाचासाठी वाजवायचा, पण तिथे फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवणारा बहुतेकदा नसायचा. म्हणून फिडलच्या धुना ते गिटारवर वाजवू लागले. तूही फिडलचीच एखादी धून घे. बहुतेकींचे आठ-आठ बारचे (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) दोन भाग असतात, प्रत्येक दोनदा. या महिन्यात फक्त पहिला भाग, जी मेजर या पाश्चात्त्य स्वरसप्तकात, मोकळ्या (बोटाने न दाबलेल्या) तारा वापरून. आधी तो गुणगुणता आला पाहिजे.