एएमचं काय व्हायचं ते होवो, लेकीला आवाज चाचणी देऊ द्या

प्रश्न : आम्ही मोशीत राहतो. मुलगी मराठी विषय घेऊन बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला रेडिओवर निवेदिका व्हायचंय, तेही आकाशवाणी पुणे केंद्रावरच. आजीबरोबर रोज सकाळी ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकून हे वेड लागलं. मी कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर आहे. एएम म्हणजे मध्यम लहरींवरचं प्रसारण हळूहळू बंदच होणार, असं कानावर येतं. आमच्या सोसायटीत आताच निम्मी खरखर असते. जे बंद पडणार तिथे मुलीला कशाला पाठवायचं? तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं मला वाटतं. शिवाय पहाटेच्या ड्यूटीची धास्ती आहेच. – एक पालक

उत्तर : नमस्कार. तुम्ही मेंटेनन्समधले आहात, म्हणून आधी खरखरीबद्दलच लिहितो. तिच्यावरूनच तुम्ही मुलीच्या भविष्याचा अंदाज बांधलाय.

पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागतं. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीवर स्वार झालेला असतो, त्यामुळे आसपास विजेची कुठलीही ठिणगी उडाली की ती थेट कानात येते. तुमच्या सोसायटीत एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर आणि लिफ्टच्या मोटरचा वेग सांभाळणारा व्हीएफडी हे सगळं दिवसरात्र चालू असतं. त्यात भिंती आरसीसीच्या. एकदा घरातला मेन स्विच बंद करून सेट गच्चीत न्या आणि आडवा धरून हळूहळू फिरवा. आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा अँटेना, एका दिशेला बरोबर लागली की आवाज स्वच्छ येईल. म्हणजे केंद्राचं प्रक्षेपण बिचारं ठीक असतं, गोंगाट आपल्या घरात असतो.

पण वाढत्या शहरात एएमला अवघड जाणार, हा तुमचा अंदाज मला पटतो. ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांबीची. तिच्या पाव लांबीचा मनोरा म्हटला तरी ९५ मीटरच्या घरात जातो, आणि त्याच्याभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारांचं जाळं पसरावं लागतं. अशी केंद्रं वसवतात तेव्हा मोकळी जमीन बघून वसवतात, मग शहर वाढत वाढत तिथवर येऊन भिडतं. जमिनीचे भाव, विजेचं बिल, जुन्या यंत्रांचे सुटे भाग, सगळंच भारी. सरकारचा कलही उघड आहे. जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर झाली, तिच्यात रेडिओच्या बाजूने भर एफएमचं जाळं वाढवण्यावर होता. त्याच वर्षी २८ एप्रिलला देशभरात १०० वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर एकदम सुरू झाले.

तरी एएम उद्या बंद होईल असं मला वाटत नाही. एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. मध्यम लहर जमिनीला धरून पुढे सरकते. भोर, मुळशी, वेल्हे या बाजूच्या खोऱ्यांत ती एफएमपेक्षा कितीतरी बरी पोहोचते. शहरातला श्रोता एएमवरून अॅपवर आणि एफएमवर जाईल, डोंगरातला अजून काही वर्षं एएमवरच राहील. तुमच्या मुलीला दोघांशीही बोलायचंय. तिचा आवाज कुठल्या लहरीवरून जातो याने तिच्या कामात काडीचाही फरक पडत नाही.

मला खरी काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेलं हे केंद्र, पण २०२३ मध्ये त्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला होता. पुणेकरांनी आवाज उठवला आणि तो स्थगित झाला. असा निर्णय पुन्हा कधी आलाच, तर मनोरा जागेवर राहील, लहर येत राहील, आणि बातमी सांगणारं माणूस मात्र इथलं नसेल. मोशी-चिखलीसारखी गावं शहर होऊन बसली, तिथल्या लोकांना पवनेचं पाणी किती वाजता सोडणार हे आजही व्हॉट्सअॅपच्या ऐकीव मजकुरावरून कळतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं. वेळेवर सूचना मिळाली नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. वीज गेलेली, नेटवर्क मेलेलं, अशा वेळी सेलवर चालणारा सेट आणि त्यावर इथलीच पेठ, इथलीच सोसायटी ओळखणारा आवाज हवा. शहर वाढतंय म्हणून अशा माणसांची गरजही वाढतेय, आणि ती माणसं कमी होताहेत. तुमची मुलगी तिथे जाऊ बघते याचा मला मनापासून आनंद आहे.

आता पोटापाण्याचं. इथे मी तिची बाजू घेणार नाही. आकाशवाणीत कायमची भरती बरीच वर्षं तुरळक आहे. निवेदक, वृत्तनिवेदक यांचं बरंचसं काम नैमित्तिक म्हणजे कॅज्युअल तत्त्वावर चालतं. आवाज चाचणीत निवड झाली की नाव यादीत येतं, मग महिन्याला मोजक्या ड्यूट्या मिळतात. त्यावर घर चालत नाही. ‘आकाशवाणीत चिकटले की झालं’ असं तिच्या मनात असेल तर ते आजच काढून टाका.

पण शिकायला त्याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. आधी आकाशवाणीचा युववाणी हा कार्यक्रम बघा, तरुण मुलांना माइकसमोर बसायची संधी तिथे मिळते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ वर आहे, अशा कम्युनिटी रेडिओवर तर मुलांना रेकॉर्डिंगपासून एडिटिंगपर्यंत सगळं हाताने करावं लागतं. तयारीसाठी तिला रोज एक गोष्ट करायला सांगा : धरणसाठ्याचे आकडे मोठ्याने, न अडखळता वाचायचे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. मराठी शाळेतली मुलंसुद्धा इथे ठेचकाळतात, आणि चाचणीत परीक्षकांचे कान नेमके तिथेच टवकारलेले असतात. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चारही धरणांची नावं एका श्वासात, स्पष्ट आली पाहिजेत. रोज मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि आजीला ऐकवायचं. इतकी वर्षं ऐकणाऱ्या आजीपेक्षा चांगला परीक्षक घरात मिळणार नाही.

दुसरं म्हणजे अनुवाद. बातमी बऱ्याचदा इंग्रजी किंवा हिंदीतून येते आणि दहा मिनिटांत ती सोप्या मराठीत उतरवायची असते. आवाज पुष्कळांकडे असतो, हे कसब फार थोड्यांकडे. ते असेल तर वृत्तसंस्था, डबिंग, ऑडिओबुक, सरकारी प्रसिद्धी, कुठेही काम मिळतं. बीएनंतर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता करता आली तर जरूर करावी.

आणखी एक शक्यता आहे. आज खासगी एफएमला स्वतःची बातमीपत्रं करण्याची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीच्या बातम्या पुन्हा ऐकवता येतात. २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने त्यांना तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात आली, तर स्थानिक बातमी लिहिता-वाचता येणारी माणसं एकदम कमी पडतील. यावर भरवसा ठेवून बसू नये, पण ध्यानात ठेवावं.

बँकेचं म्हणाल तर घाई कसली? बँकभरतीच्या आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला वयाची अट २० ते २८, पीओ म्हणजे अधिकारीपदाच्या परीक्षेला २० ते ३०. बीए पूर्ण होईपर्यंत आणि नंतरचं एक वर्ष तिला रेडिओसाठी मोकळं द्या. तोवर यादीत नाव आलं नाही, किंवा आलं पण लेखन-अनुवादाची जोड जमली नाही, तर बँकेची तयारी सुरू करायची, हे तिच्याशी आत्ताच बोलून ठरवा. तिनेही ते मान्य करायला हवं. बँकेत लागली तरी कॅज्युअल म्हणून काम करता येईल असं धरून चालू नका, नोकरीत असताना त्यासाठी रीतसर परवानगी लागते.

पहाटेच्या ड्यूटीची तुमची धास्ती रास्त आहे. सकाळच्या प्रसारणासाठी उजाडायच्या आत शिवाजीनगरला पोहोचावं लागतं आणि मोशीहून त्या वेळी बसचा भरवसा नाही. यादीत नाव आलं की पहिल्याच भेटीत तिने ड्यूटी अधिकाऱ्यांना वाहनाची सोय आहे का, हे स्पष्ट विचारावं. नसेल तर सुरुवातीला फक्त दुपारच्या आणि संध्याकाळच्या पाळ्या मागाव्यात. एखादी पहाटेची आलीच तर आदल्या रात्री शिवाजीनगर भागात नातेवाइकांकडे किंवा मैत्रिणीकडे मुक्काम करता येईल का, ते तुम्ही दोघं मिळून आधीच बघून ठेवा.