जन्मदाती उद्या परत मागायला आली तर?

दत्तकाचा विचार करणारी बहुतेक जोडपी फिरून फिरून याच प्रश्नावर येतात. बाळाचा जीव जडेल, आपलाही जडेल, आणि पाच वर्षांनी ती दारात उभी राहिली तर? ही भीती खोटी नाही. पण हिच्याच पोटी लोक नको त्या आडवाटेला लागतात, म्हणून माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या नाशिककडच्या एका जोडप्याची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती 40 वर्षांची, तो 44. आयव्हीएफचे प्रयत्न फसलेले, त्यात मुदतठेवी मोडलेल्या. दत्तकाला दोघंही तयार होते. किंबहुना त्यांचं बाळ 'ठरलं'ही होतं. तालुक्याच्या एका नर्सिंग होममधल्या मावशींनी निरोप धाडला होता, की एका बिनलग्नाच्या मुलीला सातवा महिना लागलाय आणि ती बाळ ठेवणार नाही. दवाखान्याचा खर्च म्हणून दोन लाख द्यायचे, बाकी सगळं 500च्या स्टॅम्प पेपरवर लिहून मिळेल.

मसुदा तिच्या मोबाइलमध्ये होता. वर 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार', नावांच्या जागा कोऱ्या. खाली 'सदर बाळावर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क व हितसंबंध राहिलेला नाही'. जमिनीच्या साठेखताचा नमुना घेऊन 'मिळकत'च्या जागी 'बाळ' टाकलं होतं. दुसऱ्या पानावर 'चतुःसीमा' खोडायची राहून गेली होती.

पुढचा बेत याहून पक्का. जन्माच्या नोंदीतच आई म्हणून हिचं नाव लागणार, म्हणजे दत्तकाचा प्रश्नच नाही, थेट पोटचं मूल. सासूबाईंनी डोहाळजेवणाचा दिवससुद्धा पाहून ठेवला होता. "आई म्हणतात, तोवर पोटाला काहीतरी बांधून फिर," ती खालमानेनं म्हणाली. नवऱ्याला मात्र एकच गोष्ट हवी होती. "मॅडम, कागदोपत्री आम्हीच आईबाप असलो, तर ती मुलगी परत काही मागू शकत नाही ना? तेवढं सांगा."

मी म्हटलं, या वाटेनं गेलात तर ती कधीही मागू शकते. स्टॅम्प पेपरवर मूल देता-घेता येत नाही. उद्या तिनं तक्रार केली आणि डीएनए चाचणी झाली, तर जन्माची नोंद खोटी ठरेल आणि तुम्ही आईबाप नाही, आरोपी असाल. पैसे देऊन मूल घेणं हा 2015च्या बालन्याय कायद्याच्या कलम 81 खाली गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. मूल ज्यांच्या ताब्यात होतं असे दवाखान्याचे कर्मचारी असले तर किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत. शिवाय मावशींना तुमचं घर माहीत आहे. पुढच्या दिवाळीला त्या आणखी काय मागतील, ते कोणता स्टॅम्प अडवणार?

"मुलीचं वय काय?" मी विचारलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाळाचा व्यवहार ठरला होता, आईचं वय कुणी विचारलंच नव्हतं. ती 18च्या आतली असेल तर प्रकरण पोक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात जातं. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला मी स्वतः कळवणार आहे, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उतरला, पण त्यांच्यापासून ते लपवणं मला पटलं नसतं.

मग रीतसर वाट. बाळ सांभाळता येणार नसेल तर आई बालकल्याण समितीपुढे येऊन तसं लिहून देते. त्यानंतर निर्णय बदलायला तिला दोन महिने मिळतात. हे ऐकून नवरा दचकला. मला विचाराल तर या सगळ्या कायद्यातली ही सर्वांत शहाणपणाची तरतूद आहे. बाळंतपणातून नुकती उठलेली, घरच्यांच्या धाकाखालची मुलगी पहिल्या आठवड्यात जे म्हणते ते तिचं स्वतःचं असेलच असं नाही. जे परत मागणं व्हायचं ते या दोन महिन्यांत, बाळ तुमच्या घरात येण्याआधीच होऊन जातं. त्यानंतर समिती बाळाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवते. एकदा दत्तकाचा आदेश निघाला, की मूल कायद्यानं पूर्णपणे तुमचं आणि जन्माच्या घराशी त्याचं नातं संपलं. तुमचं नाव-पत्ता जन्मदात्रीला दिला जात नाही. 18 वर्षांचं झाल्यावर आपलं मूळ शोधायला मूल स्वतः अर्ज करू शकतं. तो हक्क त्याचा.

कोर्टाचीही त्यांना धास्ती होती. सप्टेंबर 2022 पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

"मग असं केलं तर हेच बाळ आम्हाला मिळेल?" तिनं विचारलं.

नाही. ते बाळ 'कारा' या दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पोर्टलवरच्या क्रमानं जाईल आणि त्या क्रमात यांचं नावच नव्हतं. निरोगी तान्ह्या बाळासाठी आज साडेतीन वर्षांच्या आसपास थांबावं लागतं. तो चिडला. म्हणाला, नियम आम्ही पाळायचे आणि बाळ दुसऱ्याच्या घरी! त्याच्या चिडण्यात काही चूक नव्हती. पण ही व्यवस्था बाळासाठी घर शोधते, जोडप्यांसाठी बाळ नव्हे, आणि हे पचायला वेळ लागतोच.

ती म्हणाली, "माझ्या आत्यानं दिराचा मुलगा घेतला होता की साध्या दत्तकपत्रावर!" ते वेगळं. 1956च्या हिंदू दत्तक कायद्याखाली आईबाप स्वतः मूल देतात आणि दत्तकपत्राची रीतसर नोंदणी करता येते. पण दत्तकासाठी पैशांची देवाणघेवाण त्या कायद्यातही गुन्हाच आहे.

त्या मुलीचं आणि बाळाचं पुढे काय झालं, ते मला ठाऊक नाही. तसले तपशील गोपनीय असतात, आणि असावेतच.

जोडपं पंधरवड्यानं पुन्हा आलं. आता नवऱ्याचा प्रश्न वेगळा होता, साडेतीन वर्षांत आमचं वय निघून जाईल, मग नाव लावून उपयोग काय? दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85पर्यंत चालते आणि त्यासाठी वय नोंदणीच्या तारखेचं धरतात. यांची बेरीज 84 होती, पुढच्या वर्षी 86 झाली असती. त्यानं तिथेच फोन काढून नोंदणीसाठी पॅन कार्डाचा फोटो शोधायला सुरुवात केली. विवाह नोंदणीचा दाखला मात्र सासूबाईंच्या कपाटात होता, आणि तो मागायचा म्हणजे डोहाळजेवण रद्द झाल्याचं आधी सांगावं लागणार होतं.