स्टेम सेलपासून किडनी तयार होईपर्यंत वडिलांचं प्रत्यारोपण थांबवावं का?

नाही, थांबू नका. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या त्वचेतल्या पेशी पुन्हा मूळपेशींसारख्या (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून इतर पेशी तयार होऊ शकतात) करून दाखवल्या, 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तशा पेशींपासून प्रयोगशाळेत किडनीचे इवलेसे गोळे वाढतातही. पण रक्तपुरवठा आणि लघवी बाहेर जाण्याची वाट, दोन्ही नीट जुळल्याशिवाय ती किडनी नव्हे. खरी अडचण तिथेच आहे.

मूळपेशींचा सिद्ध उपचार म्हणजे बोन मॅरो (हाडांच्या आतला मगज) प्रत्यारोपण. भारतातलं पहिलं 1983 मध्ये आपल्या परळच्या टाटा रुग्णालयात झालं. पण तो रक्ताच्या आजारांसाठी.

'स्टेम सेलच्या इंजेक्शनने डायलिसिस सुटेल' म्हणणाऱ्यांना कृपा करून पैसे देऊ नका. घरात दाता जुळतो का ते तपासा आणि रुग्णालयामार्फत, दान केलेल्या अवयवांचं वाटप पाहणाऱ्या मुंबईच्या झेडटीसीसी या संस्थेच्या प्रतीक्षायादीत बाबांचं नाव लगेच नोंदवा.