हीटर गरम होईना? आधी बॉनेट उघडा, डॅशबोर्ड नंतर

थंडी सुरू झाली की या सदरात हीटरचीच पत्रं जास्त येतात. परभणीकडं तर पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, त्यामुळं हीटर ही चैन नाही, पहाटे निघणाऱ्याला तो लागतोच. या वेळी निवडक पत्रं घेतली आहेत आणि पहिल्याला जरा लांब उत्तर दिलंय, कारण तोच प्रकार बऱ्याच जणांच्या गाडीत असणार.

प्रश्न : सर, माझी डिझेल गाडी आहे, जुनी आहे पण चांगली चालते. धंद्यासाठी पहाटे पाचला निघून छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. हीटर फुल्ल लावला तरी नुसती कोमट हवा येते, जालना येईपर्यंत पायाची बोटं बधिर होऊन जायलीत. गावात हळू चालवताना थोडं बरं असतं पण रोडला लागून ऐंशी-नव्वदचा स्पीड धरला की परत गार. गॅरेजवाला म्हणायलाय हीटर कोर गेला, पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागतो, आणि खर्च लई सांगायलाय. मे महिन्यात गाडी गरम व्हायली होती म्हणून दुसरीकडं दाखवली, तिथं त्यांनी एक वाल काढून टाकला, तेव्हापासून गरम व्हायची थांबली. ॲव्हरेज पण पडलंय. काय करू?
(एक वाचक, सेलू)

उत्तर : दादा, डॅशबोर्ड खोलू देऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रात उत्तर आहे आणि ते मे महिन्याच्या वाक्यात आहे. जो वाल काढला तो थर्मोस्टॅट.

हीटरला स्वतःची उष्णता नसते. इंजिनातून तापलेलं कूलंट (इंजिन गार ठेवायला आत फिरणारं पाणी) डॅशबोर्डच्या मागं बसवलेल्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्यालाच हीटर कोर म्हणतात, आणि ब्लोअर त्याच्यावरून हवा मारतो, बस एवढंच. म्हणजे कूलंट गरम नसेल तर डॅशबोर्डमध्ये नवीन कोर बसवला तरी हवा गारच येणार. आता कूलंट गरम ठेवायचं काम थर्मोस्टॅटचं. त्याच्यात मेण असतं, इंजिन थंड असताना वाल बंद राहतो आणि कूलंट मोठ्या रेडिएटरकडं न जाता इंजिन आणि हीटर एवढ्यातच फिरतं, मग साधारण ८२ ते ८८ अंशाला मेण फुगतं आणि वाल उघडतो (किती अंशाला उघडणार हे बहुतेक वेळा वालावरच छापलेलं असतं). तो काढून टाकला की पहिल्या मिनिटापासून सगळं कूलंट रेडिएटरमधून जातं, समोरून पहाटेची गार हवा ऐंशीच्या स्पीडनं लागते, आणि इंजिन ९० च्या आसपास चालायला पाहिजे ते पन्नास-साठवरच अडकून राहतं. म्हणून गावात बरं आणि हायवेला गार. हे लक्षण इतकं पक्कं आहे की दुसरं काही शोधायच्या आधी हेच बघावं.

ॲव्हरेजचं पण हेच कारण. इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो त्याच हिशोबानं इंधन देत राहतो. नुसता पैशाचा प्रश्न नाही, थंड इंजिनात काजळी जास्त धरते, ऑइल लवकर खराब होतं, झीज वाढते. बीएस ६ डिझेलवाल्यांनी तर याकडं अजिबात दुर्लक्ष करू नये, कारण सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर स्वतःला साफ करतो त्यासाठी पण इंजिन नीट तापलेलं लागतं. स्कॅनर लावल्यावर पी ०१२८ हा कोड दिसला तर समजा गाडीच सांगतेय की कूलंट पुरेसं तापत नाही.

घरी तपासायचं असेल तर सकाळी पूर्ण थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरला वरून येणारा जाड पाइप दर दोन-तीन मिनिटांनी हातानं बघा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट व्हायला लागला तर वाल नाहीये किंवा उघडाच अडकलाय. एक काळजी घ्या, मफलर, शाल, उपरणं आधी काढून ठेवा, पंख्यात आणि पट्ट्यात अडकून जीवघेणे अपघात होतात.

नवीन थर्मोस्टॅट गास्केटसकट टाका, डॅशबोर्डच्या खर्चापुढं हा पार्ट काहीच नाही. पण थांबा, अर्धंच काम झालंय. मेमध्ये गाडी का तापत होती? ते कारण अजून तिथंच बसलंय. रेडिएटर चोक असेल, पंखा वेळेवर लागत नसेल, रेडिएटरची कॅप प्रेशर धरत नसेल, वॉटर पंप कमजोर असेल. वाल काढला म्हणून यातलं काहीच दुरुस्त झालं नाही, आणि काही इंजिनात तर वाल काढल्यावर बायपासचा रस्ता कायम उघडा राहतो, थोडं कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं आणि उन्हाळ्यात उलट जास्त तापतं. आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन असतं, त्यामुळं "वाल काढून टाक" हा सल्ला गावोगाव मिळतो, मेकॅनिक चांगल्या मनानं देतात, पण तो चुकीचा आहे हे मला ठामपणे सांगायचंय. होळीच्या आत वरची सगळी तपासणी करून घ्या.

कुणी रेडिएटरपुढं पुठ्ठा लावायला सांगेल. नका लावू. आपल्याकडं पहाटे आठ अंश असलं तरी दुपारी अठ्ठावीस-तीस होतं, पुठ्ठा काढायचा राहिला तर गाडी रस्त्यातच तापणार.

प्रश्न : रेडिएटर थोडा गळत होता म्हणून ड्रायव्हर लोक करतात तशी हळद टाकली, गळती थांबली. पाणी मी बोअरचंच टाकतो, आपल्याकडं काही बर्फ पडत नाही मग कूलंटचा खर्च कशाला? पण यंदा हीटर अगदीच मंद झालाय, टेंपरेचरचा काटा मात्र मधोमध असतो. याचा संबंध आहे का?
(एक वाचक, वसमत)

उत्तर : संबंध आहे भाऊ, दोन्हीचा आहे. काटा मधोमध म्हणजे इंजिन नीट तापतंय, उष्णता आहे पण केबिनपर्यंत पोचत नाही.

इंजिन गरम झाल्यावर बॉनेटच्या आत, केबिनच्या भिंतीकडं जाणारे दोन बारीक रबरी पाइप शोधा आणि जपून हात लावा. दोन्ही चांगले गरम पण हवा गार, तर दोष हवेच्या बाजूला, म्हणजे गरम-गार करणारा फ्लॅप किंवा त्याची केबल किंवा मोटर (मोटर गेली की डॅशबोर्डमधून टकटक आवाज येतो). एक गरम आणि एक गार, तर कोर चोक झालाय नाहीतर हीटरचा वाल बंद अडकलाय. तुमच्याकडं बहुतेक कोर चोक निघेल. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, पाणी तापलं की गिझरच्या कॉइलवर बसतो तसला पांढरा थर आत धरतो, त्यात गंज मिसळतो. हळद तर भोक बुजवायलाच टाकली होती, आता तिला गळतीचं भोक कुठलं आणि कोरची बारीक नळी कुठली हे काय कळणार, ती दोन्हीकडं बसते. गळणारा रेडिएटर डाग देऊन घ्यायचा किंवा बदलायचा, हळदही नको आणि गळती थांबवायची पावडरही नको.

आणि कूलंट फक्त बर्फासाठी नसतं हो. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंशांनी वर जातो, प्रेशर कॅपमुळं अजून वर, म्हणजे ते उन्हाळ्यात जास्त कामाचं आहे. शिवाय त्यातली रसायनं गंज थांबवतात. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो, फक्त ॲसिडचा कॅन उचलू नका. कूलंट कुठलं ते गाडीच्या पुस्तकात बघा, रंग बघून घेऊ नका, रंग कंपनीगणिक वेगळा असतो आणि वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र केली तर आत गाळ होऊ शकतो.

आता कोर साफ करायचा तर दोन्ही पाइप काढून उलट्या दिशेनं पाणी सोडायचं, बागेच्या नळीएवढ्या प्रेशरनं. कॉम्प्रेसरची हवा फुल्ल मारू देऊ नका, जुना कोर फुटतो, आणि मग खरंच डॅशबोर्ड खोलावा लागतो. दोन-तीनदा करून पाणी स्वच्छ यायला लागलं की थांबा, शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं धुवा आणि कूलंट भरा.

प्रश्न : दिवाळीनंतर पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं. तेव्हापासून सिग्नलला थांबलं की हीटर गार, रेस दिली की गरम. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज पण येतो.
(एक वाचक, लातूर)

उत्तर : सिस्टिममध्ये हवा राहिलीय. टाकीत गॅस २०० बारपर्यंत भरलेला असतो, रिड्यूसरमध्ये त्याचं प्रेशर एकदम उतरतं तेव्हा रिड्यूसर खूप गार पडतो, म्हणून त्याला गरम कूलंटची लाइन देतात आणि ती बहुतेकदा हीटरच्याच पाइपला टी मारून काढतात. ते करताना कूलंट सांडतं, हवा शिरते. किट बसवणाऱ्याकडंच परत जा, त्यांनी लेव्हल भरून हवा काढून द्यायला पाहिजे आणि कुठला पाइप दुमडलाय का तेही बघायला पाहिजे.

स्वतः करणार असाल तर इंजिन पूर्ण थंड पाहिजे, गरम गाडीची कॅप कधीच उघडायची नाही, उकळतं कूलंट तोंडावर उडतं. गाडीचं नाक चढावर करा, हीटर फुल्ल गरमवर, कॅप उघडी ठेवून कूलंट भरा, चालू करा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. मात्र हे करूनही लेव्हल सारखी कमी होत असेल, बुडबुडे थांबतच नसतील, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल तर हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) तपासून घ्या.

अजून एक सगळ्यांसाठीच, चालत्या गाडीत हीटर एकदम गार पडला आणि काटा वर जायला लागला तर कूलंट संपत आलंय. पुढचं गाव येईपर्यंत चालवू नका, तिथंच बाजूला घेऊन बंद करा.

प्रश्न : ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो, एक-दोन-तीनवर बंद. हवा पण कमी वाटते.
(एक वाचक, जालना)

उत्तर : ब्लोअरचा रेझिस्टर (पंख्याचा स्पीड कमी करणारा पार्ट) जळालाय, तो बदला. हवा कमी येते त्यासाठी केबिन फिल्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्सच्या मागं असतो. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो.

प्रश्न : कारखान्यावर उसाची गाडी खाली व्हायला कधी कधी अख्खी रात्र जाते. आम्ही पिकअपमध्ये काचा लावून, इंजिन चालू ठेवून, हीटरवर झोपतो. डिझेल किती जळत असेल?
(एक वाचक, माजलगाव)

उत्तर : भैय्या, डिझेलचा हिशोब राहू द्या, आधी हे वाचा. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका. सायलेन्सर कुठं फुटला असेल, किंवा गाड्या एकाला एक चिकटून लागल्या असतील, तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळतच नाही, आणि तो जीव घेतो. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली, गुंगी यायला लागली की लगेच दार उघडून बाहेर या, दुसऱ्यालाही ओढून काढा आणि दवाखान्यात जा. गाडी बंद शेडमध्ये असेल तर धोका अजून जास्त. काही जण केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवतात, तिच्यातूनही हाच गॅस निघतो, ती तर अजिबात नको.

निजायच्या आधी इंजिन चालू करून केबिन तापवून घ्या, मग किल्ली काढा, दोन घोंगड्या आणि कानटोपी घ्या, काच दोन बोटं उघडी ठेवा. आणि हंगाम संपायची वाट न बघता सायलेन्सरची लाइन मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथून) टोकापर्यंत याच आठवड्यात तपासून घ्या, सोबतच्या गाडीवाल्यांनाही सांगा.