डिग्रीला फिजिक्स नव्हतं, आता नीट कशी देऊ?

नीट, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेशाची परीक्षा. तिच्याबद्दलचा हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो. कुणी बी.फार्म.चं असतं, कुणी फिजिओथेरपीचं. त्यातल्या एका मुलीबद्दल तिला विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी उमरेडकडची, वय २४, बी.एस्सी. नर्सिंग झालेली, नागपुरातल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत नोकरीला. नाईट ड्युटीला जाता जाता डबा घेऊनच आली होती. "मॅडम, बायो माझं होऊन जाते. केमिस्ट्री घासून घेईन. पण फिजिक्सले बारावीनंतर हातच नाही लावला ना. एखाद्या सायन्स कॉलेजात बीएस्सीच्या पोरांसोबत बसून लेक्चर करता येईल का?"

कागदोपत्री प्रश्न पाच मिनिटांत संपले. बारावीला तिचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी होते आणि गुणही पुरेसे होते. वयाची वरची मर्यादा २०२२ मध्येच निघाली. आणि नीटच्या फिजिक्समध्ये पदवीचं काहीच विचारत नाहीत, अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच. बीएस्सीच्या वर्गात बसून तिचे सहा महिने मात्र गेले असते.

मग अडलं कुठे होतं? मी तिला अकरावीचं विचारलं. ती हसली. अकरावीचं वर्ष सगळ्यांसारखं बारावीच्या क्लासची वाट बघण्यात गेलं होतं आणि प्रॅक्टिकलचं जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवलं होतं. म्हणजे राहिली होती ती अकरावी, आणि नीटचा मोठा भाग तिथूनच येतो. पालक भेटले की मी हे सांगते. सगळे मान हलवतात आणि मुलाला पुन्हा बारावीच्याच बॅचला घालतात.

मी फिजिक्सची शिक्षिका नाही. तरी एक प्रश्न विचारला : सलाईनची बाटली उंच का टांगता?

"खाली केली तर रक्त नळीत वर चढते ना."

किती उंच, ते काढ म्हटलं. कागद घेतला. एक मीटर पाण्याचा स्तंभ : १००० × ९.८ × १, म्हणजे ९८०० पास्कल दाब. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणून १००० मिलिमीटर भागिले १३.६, साधारण ७३.५ मिलिमीटर पारा. शिरेला एवढा दाब पुरून उरतो. मग धमनीतल्या रक्तदाबाचे १२०? तिने उलटं केलं, १२० × १३.६, आणि पेन ठेवून म्हणाली, "एक मीटर त्रेसष्ट. बाप्पा! म्हणूनच आर्टरियल लाइनची, म्हणजे धमनीतल्या नळीची, सलाईन दाबणारी प्रेशर बॅग आम्ही तीनशेपर्यंत फुगवतो."

त्या दिवशी चेहरा उजळला हे खरं, पण असल्या उदाहरणांवर माझा फार भरवसा नाही. त्यांनी भीती जाते, गुण येत नाहीत. त्याच कागदावर मला दुसरंच दिसलं. १००० भागिले १३.६ करायला तिने मोबाईल काढला होता, आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. अपूर्णांक, दहाचे घात, साइन-कोसाइन, आलेखाचा चढ या सगळ्यालाच गंज चढला होता. म्हणून पहिले तीन आठवडे फिजिक्स बंद. रोज पाऊण तास फक्त आकडेमोड, हातानं.

नंतरचा क्रम आम्ही पुस्तकाचा ठेवला नाही. आधी विद्युतधारा, मग अणू आणि सेमीकंडक्टर, कारण त्यांना मागचं फार लागत नाही आणि लवकर हाताला लागतात. मग कुठे न्यूटनचे नियम आणि ऊर्जा. एनसीईआरटीचा धडा, त्याखालची गणितं, मग मागच्या वर्षांचे प्रश्न; तिसरं पुस्तक आणायचं नाही ही माझी अट. व्हर्नियर कॅलिपर आणि स्क्रू गेज ही बारीक मापं घ्यायची साधनं आयटीआयमधल्या मावसभावाकडून आणले, कारण प्रयोगकौशल्यं आता अभ्यासक्रमात वेगळा घटक आहेत. उतरवलेल्या जर्नलची परतफेड म्हणा.

सगळ्यात जास्त भांडलो ते वेळेवरून. पेपर मे महिन्यात, दुपारी २ ते ५. नाईट ड्युटीच्या आठवड्यात ही नेमकी तेव्हाच गाढ झोपलेली. म्हणून सराव पेपर सुटीच्याच दिवशी, पण दुपारी दोनलाच, कूलर घरघरत असताना. १८० प्रश्न, १८० मिनिटं. बायोलॉजीचे ९० प्रश्न पन्नास मिनिटांत उरकले की फिजिक्सला सव्वा तास मिळतो.

पहिल्या सराव पेपरात तिने फिजिक्सचे सगळे ४५ गोल भरले. मी हिशेब मांडायला सांगितला : बरोबरला चार गुण, चुकीला वजा एक. खात्रीचे २८ सोडवले, त्यात २२ बरोबर नि ६ चूक, तर ८८ वजा ६, म्हणजे ८२. उरलेले १७ डोळे मिटून भरले आणि चारातला एक या हिशेबाने चार लागले, तर १६ वजा १३. हाती तीन गुण, आणि त्यापायी डोकं शिणलेलं. ती बराच वेळ गप्प होती.

घरी आईला अजून पटलेलं नाही. "चांगली नोकरी लागली आहे, आता काऊन डोकं खपवून राहिली?" असं ती मलाच फोनवर विचारते. मी तिची बाजू घेत नाही आणि मुलीचीही घेत नाही. ड्युटी सोडायची नाही, एवढं मात्र तिघींचं ठरलं आहे.

मागच्या शनिवारी ती येऊन गेली. फिरत्या वस्तूंचा धडा यंदा सोडून दे, असं मी म्हणते. ती म्हणते, सोडणार नाही, रक्ताचे नमुने गरगर फिरवायचं सेंट्रिफ्यूज मशीन मी रोज चालवते. पुढच्या शनिवारी पुन्हा बसू.