बोटीवरून माणूस पडला तर? : वाचकांचे प्रश्न

पत्रं नवी, गोंधळ मात्र तोच. म्हणून एकदाच सगळं घेतो.

प्रश्न : मी पट्टीचा पोहणारा आहे. लाइफ जॅकेट घालायलाच हवं का?

हो. पडल्यावर ते घालता येत नाही.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, 50 न्यूटनचं जॅकेट सगळ्यांना चालतं. खरं का?

त्याला माल खपवायचाय. न्यूटन हे जॅकेटच्या तरंगवण्याच्या ताकदीचं माप. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असताना. शुद्ध हरपलेल्याचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. मोकळ्या पाण्यात जाणार असाल तर 150 न्यूटनचं घ्या, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. पट्टा नसला की जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. आपोआप फुगणारं असेल तर अधिकृत ठिकाणी वेळच्या वेळी तपासून घ्या.

प्रश्न : कुणी पडलं तर मागोमाग उडी मारावी का?

नाही, मग दोघांना शोधावं लागेल. तरंगणारं जे हाताशी असेल ते फेका आणि एकाला फक्त पडलेल्याकडे हात रोखून उभं करा. त्याने नजर हटवायची नाही. 6 नॉट वेगाने बोट मिनिटाला 185 मीटर पुढे जाते आणि तेवढ्यात लाटांमधलं डोकं दिसेनासं होतं. वायरलेस असेल तर 16 नंबरच्या चॅनेलवर लगेच मे-डे, म्हणजे जीव धोक्यात असल्याचा संदेश, द्या. ‘आधी आपणच बघू’ म्हणत थांबू नका; माणूस सापडला तर संदेश रद्द करता येतो.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंच असतो. हे पडले तर मी त्यांना वर कशी घेऊ?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. बोट वळवून माघारी यायचा सराव सगळे करतात, माणूस वर घ्यायचा कुणीच करत नाही. ओल्या कपड्यांतला माणूस नुसत्या हातांनी ओढून काठावरून आत येत नाही. गार पाण्यात त्याची बोटं काही मिनिटांत इतकी बधिर होतात की दोरही धरवत नाही. पाय बोटीच्या बुडाखाली ओढले जातात. म्हणून जवळ पोचताच इंजिन बंद करा. न्यूट्रलवर भरवसा नको, इंजिनाचा पंखा तिथेच पाण्यात असतो. मग आधी त्यांना दोराने बोटीला बांधा, वर घेण्याचं नंतर. शिडीच्या दोन-तीन पायऱ्या तरी पाण्याखाली जायला हव्यात आणि ती पाण्यातूनही सोडता यायला हवी. शिडी नसेल तर पाय ठेवायला दोराचा फास, पण तो बुडाखाली सरकतो. सवय नसेल तर उपयोग नाही. चढण्याइतकी ताकद उरली नसेल तर कप्पी-दोर लागतो. फार वेळ गार पाण्यात राहिलेल्याला जमेल तितकं आडवं ठेवूनच वर घ्या. उभं उचललं तर रक्तदाब एकदम पडू शकतो. शांत पाण्यात, दिवसाढवळ्या, प्रशिक्षकाला सोबत घेऊन दोघांनीही हे करून बघा. तुमच्या बोटीला काय लावावं, ते तोच बोट बघून सांगेल.

प्रश्न : बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचं ना?

मुळीच नाही! हे कुठून पसरलंय कोण जाणे. पोटातलं फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्या, मग 30 वेळा छाती दाबून 2 श्वास, असं चालू ठेवा. हे वाचून येत नाही, प्रथमोपचाराचा वर्ग करा. शुद्धीवर असला तरी खोकला किंवा धाप असेल तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : एकटाच जातो. किल स्विचची दोरी अडचणीची वाटते.

अंगाला बांधा. तुम्ही पडलात की ती ओढली जाऊन इंजिन बंद पडतं. नाहीतर तुम्ही पाण्यात आणि बोट पुढे. निघण्याआधी दोरी ओढून बघा. इंजिन बंद पडलं नाही तर मेकॅनिक येईपर्यंत बोट धक्क्यालाच.